मध्यवस्तीतील रिकामा गाळा आणि रहिवाशांचे सहकारी भांडार : मालमत्ता समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शहर मालमत्ता समिती

विषय : मध्यवस्तीतील तळमजल्याचा गाळा लिलावाने देण्याचा ठराव आणि सहकारी किराणा भांडाराचा परत आलेला अर्ज

अध्यक्ष महोदय आणि सदस्यहो,

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण मध्यवस्तीतील शहराच्या मालकीचा, गेली काही वर्षे कुलूपबंद असलेला तळमजल्याचा गाळा सर्वाधिक भाडे देणाऱ्यास लिलावाने देण्याचा ठराव केला. त्याच गाळ्यात रहिवाशांच्या मालकीचे किराणा भांडार सुरू करू द्यावे, असा आमचा अर्ज त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर होता. त्यावर चर्चा झाली नाही. तो ‘निकषांत बसत नाही’ एवढ्या तीन शब्दांच्या शेऱ्यासह परत आला. नियोजित भांडाराची मुख्य प्रवर्तक म्हणून त्या अर्जावर माझी सही आहे. हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी मी ते उघडपणे लिहीत आहे, कारण गाळा शहराचा आहे आणि तो कोणत्या अटींवर कोणाच्या हाती जातो, हे शहरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी मध्यवस्तीत तेवीस वर्षे राहते. येथले शेवटचे किराणा दुकान बंद झाल्यापासून घरात लागणारी प्रत्येक वस्तू, अगदी मिठाची पिशवीसुद्धा, बसने जाऊन आणावी लागते. माझ्या हातापायांत अजून बळ आहे, त्यामुळे माझे निभावते. आमच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या सामान घेऊन येतात तेव्हा पिशवी पहिल्या वळणावर खाली ठेवतात, कठडा धरून थोडा वेळ उभ्या राहतात, मग हात बदलून पुढच्या वळणापर्यंत नेतात. कोणी मदतीला पुढे झाले तर पिशवी देतात, पण दर वेळी जिन्यात कोणी असतेच असे नाही. आता त्यांनी मोठा पुडा आणणेच सोडले आहे; उचलेल तेवढाच, लहान पुडा आणतात. लहान पुड्यात तीच वस्तू वजनाच्या हिशेबाने महाग पडते, शिवाय फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीचे बसभाडे वेगळे द्यावे लागते. ज्यांचे उत्पन्न सर्वांत कमी त्यांनाच किराणा सर्वांत महाग पडावा, ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नाही हे मला मान्य आहे, परंतु ती बदलण्याची संधी आपल्या हातात असताना आपण ती लिलावात काढली आहे.

दुकान बंद झाल्यावर आम्ही काही शेजारी एक वही घेऊन घरोघर फिरलो. वहीत पाच रकाने होते : नाव, घरातली माणसे, सध्या किराण्यासाठी किती लांब जाता, भांडार झाले तर सभासद व्हाल का, आणि महिन्यातून किती तास काम देऊ शकाल. अंतराच्या रकान्यात लोक किलोमीटर लिहीत नव्हते. कोणी ‘दोन बस’ लिहिले, कोणी ‘मुलगा येईल तेव्हा’ लिहिले, एकीने ‘रविवारीच’ एवढेच लिहिले. कामाच्या तासांचा रकाना मात्र बहुतेकांनी भरला, आणि ज्यांना शारीरिक काम जमणार नव्हते त्यांनी हिशेब पाहीन, फोन घेईन, लहान मुले सांभाळीन असे समासात लिहून दिले. आमच्या अर्जासोबत या वहीच्या प्रती जोडल्या होत्या. त्या कोणी पाहिल्याची खूण परत आलेल्या कागदांवर दिसली नाही. सुतळीची गाठसुद्धा आम्ही मारली होती तशीच होती.

आता आमच्या तक्रारी मांडते.

पहिली आणि मुख्य तक्रार लिलावाच्या निकषाबद्दल आहे. सर्वाधिक भाडे हा निकष वरवर निःपक्षपाती वाटतो, कारण त्यात कोणाची ओळख किंवा शिफारस चालत नाही. परंतु किराणा हा व्यवसायच असा आहे की त्यात विक्री मोठी आणि नफा अत्यंत थोडा असतो. सर्व खर्च वजा जाता विक्रीच्या शंभरामागे एक ते तीन एवढेच हाती राहणे ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. त्यात नाशवंत माल असतो, तो रोज थोडा वाया जातो. शीतकपाटे दिवसरात्र चालू ठेवावी लागतात. आणि मध्यवस्तीतले गिऱ्हाईक पायी येणारे असल्यामुळे एका वेळी दोन हातांत मावेल तेवढेच घेते. अशा धंद्याला जे भाडे झेपते त्याच्या कितीतरी पट भाडे, थोड्या मालावर मोठा नफा घेणारा कोणताही व्यवसाय सहज देऊ शकतो. म्हणजे ज्या क्षणी आपण ‘सर्वाधिक भाडे’ हा एकमेव निकष ठरवला, त्याच क्षणी या गाळ्यात किराणा येणार नाही हेही ठरले. हा निर्णय आपण जाणूनबुजून घेतला असेल तर तो तसा स्पष्ट शब्दांत ठरावात लिहावा. नकळत झाला असेल, आणि माझा समज तसाच आहे, तर तो दुरुस्त करता येतो.

दुसरी तक्रार अनुभवाच्या अटीची. लिलावात भाग घेणाऱ्याकडे मागील तीन वर्षांच्या उलाढालीचे ताळेबंद असावेत, अशी अट आहे. जी संस्था अजून जन्माला यायची आहे तिच्याकडे मागील तीन वर्षांचे ताळेबंद कुठून असणार? येथे एक पेच आहे आणि तो आपण नीट समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. जागा निश्चित नसेल तर लोक भागभांडवलाचे पैसे भरत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण जे भांडार कोठे उघडणार हे माहीत नाही त्यात कष्टाचा पैसा का अडकवावा? भागभांडवल नसेल तर पतसंस्था किंवा बँक कर्जाचा विचार करत नाही. कर्ज आणि भांडवल यांचा पुरावा नसेल तर आपण जागा देत नाही. आणि जागा नाही म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर. आमचे जवळजवळ एक वर्ष या चक्रात गेले. ते तोडण्याची ताकद फक्त जागेच्या मालकाकडे आहे, आणि जागेचा मालक म्हणजे हे शहर आहे.

तिसरी तक्रार रकान्याची आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘व्यापारी आस्थापना’ आणि ‘धर्मादाय संस्था’ असे दोनच पर्याय होते. आम्ही पहिल्यावर खूण केली तेव्हा ताळेबंद मागितले गेले. खिडकीवरच्या सूचनेवरून दुसऱ्यावर खूण केली तेव्हा धर्मादाय संस्थेला विक्री करता येत नाही असे कळवण्यात आले. त्यानंतर कागद तीन विभागांत फिरले आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याचे काम असल्याचे सांगितले. सहकारी भांडार या दोन्हींत बसत नाही. ते माल विकते, भाडे आणि कर भरते, पगार देते, म्हणून ते दान नव्हे. आणि त्यात कोणी कितीही भाग घेतले तरी मत एकच मिळते, भागांवरील परतावा मर्यादित असतो, वाढावा, म्हणजे खर्च भागून उरलेली रक्कम, राखीव निधीत जातो किंवा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत मिळतो, म्हणून ते नेहमीचे दुकानही नव्हे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघ १८९५ साली स्थापन झाला, आणि त्याने १९९५ साली सहकाराची सात तत्त्वे आजच्या स्वरूपात स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ आणि पुन्हा २०२५ हे वर्ष सहकाराचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. एवढ्या जुन्या आणि जगमान्य संस्थाप्रकारासाठी आपल्या नमुन्यात एक रकाना वाढवणे अवघड नसावे.

चौथी गोष्ट थोडक्यात. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली गेली. ज्यांना भांडार हवे आहे त्यांतले बहुतेक त्या वेळी कामावर असतात. सभागृहात आमच्या बाजूने तिघेच दिसले यावरून रहिवाशांना रस नाही असा निष्कर्ष काढला गेला असेल, तर तो चुकीचा आहे.

पाचव्या मुद्द्यावर मला जरा थांबावे लागेल. सुनावणीनंतर बोलताना समितीतील एका सन्माननीय सदस्यांनी मला विचारले की, मागणी खरोखर असती तर दुकानांच्या एखाद्या मोठ्या साखळीने येथे दुकान काढलेच नसते का, आणि लोकांनी स्वतः दुकान चालवणे कुठे यशस्वी झाले आहे का. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही पूर्ण द्यायला हवे.

मोठी साखळी दुकानाची जागा ठरवते तेव्हा गाड्या उभ्या करायला मोकळी जागा, मालाच्या मोठ्या वाहनाला वळण आणि एका गिऱ्हाइकाची मोठी खरेदी यांचा हिशेब धरते. मध्यवस्तीत यांतले काहीच नसते. लोक असतात, भूक असते, पैसेही थोडे थोडे असतात, पण ते त्या हिशेबाच्या चौकटीत दिसत नाहीत. काही देशांत तर साखळ्यांनी एखादी जागा सोडताना तेथे पुन्हा किराणा दुकान होऊ नये अशी अट कागदोपत्री घालून ठेवली होती; ब्रिटनमध्ये मोठ्या साखळ्यांच्या अशा अटींना आळा घालणारा आदेश २०१० साली काढावा लागला. तेव्हा एखाद्या वस्तीत दुकान नसणे हा तेथे मागणी नसल्याचा पुरावा होत नाही.

आणि यशाबद्दल. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस विणकरांनी आणि कारागिरांनी प्रत्येकी एक पौंड जमवून भाड्याच्या जागेत दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल होता. त्या काळी गिरणगावांतल्या दुकानांत भेसळ सर्रास चाले आणि उधारीमुळे कामगार दुकानदाराच्या कचाट्यात सापडत. रॉचडेलच्या लोकांनी निर्भेळ माल, पुरते वजन आणि रोखीचा व्यवहार हे नियम केले आणि खरेदीच्या प्रमाणात वाढावा वाटला. त्यांच्याकडेही मागील तीन वर्षांचे ताळेबंद नव्हते. त्यांचा आदर्श घेऊन मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात १९०४ साली ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७३ साली सुरू झालेल्या पार्क स्लोप भांडारात सभासद स्वतः पाळीने पावणेतीन तास काम करतात आणि त्यामुळे मालाच्या किमती खाली राहतात. त्यावरूनच पॅरिसमधील ‘ला लूव’ हे भांडार २०१६ साली उघडले. अमेरिकेतील डेटन शहरात २०२१ साली ग्राहक आणि कामगार या दोघांच्या मालकीचे भांडार सुरू झाले, तेही अशाच, दुकानांनी पाठ फिरवलेल्या वस्तीसाठी.

अपयशेही आहेत, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. बर्कले येथील ग्राहक भांडार एके काळी अमेरिकेतले सर्वांत मोठे होते. शाखा झेपणार नाहीत इतक्या वाढल्या, सभासदांत तट पडले आणि १९८८ साली ते बंद झाले. अमेरिकेतल्याच ग्रीन्सबरो शहरातील ज्या वस्तीतले दुकान १९९८ साली गेले होते तेथे रहिवाशांनी अनेक वर्षे झटून २०१६ साली स्वतःचे भांडार उघडले, पण विक्री अपेक्षेइतकी कधीच झाली नाही आणि २०१९ च्या सुरुवातीला त्यांनाही दार लावावे लागले. आमच्या गटाने या दोन्ही उदाहरणांवर बैठकांत खूप वेळ घालवला. त्यातून आमच्या आराखड्यात तीन गोष्टी आल्या : किराण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला पगारी व्यवस्थापक पहिल्या दिवसापासून असेल, पहिल्या दोन वर्षांचा संभाव्य तोटा भागवण्याची तरतूद उघडण्याआधीच हाती असेल, आणि सभासदांची ठरलेली संख्या व ठरलेले भांडवल जमा होईपर्यंत कुलूप उघडले जाणार नाही. तोवर जमलेला प्रत्येक पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि योजना फसली तर ज्याचा त्याला परत जाईल. मला या शेवटच्या अटीची विशेष काळजी आहे, कारण वहीतली पुष्कळ नावे अशा घरांतली आहेत जिथे एका भागाची रक्कमसुद्धा महिनाभर बाजूला काढून ठेवावी लागेल. त्यांचा पैसा बुडाला तर मला त्या जिन्यावरून वर जाता येणार नाही.

यावर आमच्या मागण्या अशा आहेत.

लिलाव सहा महिने स्थगित ठेवावा. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिक कारभारविषयक कायद्याने, लोकोपयोगी म्हणून नोंदलेली वास्तू विकायला निघाली आणि स्थानिक गटाने ती घेण्याची इच्छा कळवली, तर त्या गटाला पैसे उभारण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. तेथे तर हा नियम खासगी मालकालाही लागू आहे. आपण स्वतःच मालक असल्यामुळे आपल्याला त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, एक ठराव पुरेसा आहे. या मुदतीत आम्ही आमच्याच अर्जात लिहिलेली सभासदसंख्या आणि भागभांडवल जमवून दाखवू. जमले नाही तर आम्ही लेखी माघार घेऊ आणि आपण लिलाव खुशाल करावा.

त्या मुदतीसाठी आम्हाला सशर्त इरादापत्र, म्हणजे अटी पूर्ण केल्यास गाळा आम्हाला मिळेल असे लेखी आश्वासन, द्यावे. वर सांगितलेला पेच या एका कागदाने सुटतो, आणि शहराचा त्यात कोणताही खर्च नाही, कारण गाळा आजही रिकामाच आहे.

नवीन सहकारी संस्थेसाठी मागील ताळेबंदांऐवजी भरलेले भागभांडवल, सभासदांची यादी, व्यवस्थापकाचा अनुभव आणि स्वतंत्र लेखापालाने तपासलेला व्यवसाय आराखडा हे निकष धरावेत. हे निकष कडक ठेवावेत. आम्हाला त्याची हरकत नाही.

भाडे माफ करावे, असे आम्ही म्हणत नाही. पहिली तीन वर्षे किमान भाडे अधिक विक्रीवर ठरावीक टक्के असे भाडे आकारावे, म्हणजे भांडार तग धरेल आणि चालले तर शहराचाही वाटा वाढेल. विक्रीचे आकडे दर तिमाहीला आम्ही समितीपुढे ठेवू आणि भांडाराच्या दारावरही लावू.

याशिवाय दोन लहान बाबी : अर्जाच्या नमुन्यात सहकारी संस्थेचा रकाना घालावा आणि अशा अर्जांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा, आणि शहराच्या मालकीच्या कोणत्याही जागेच्या करारात, ती सोडल्यानंतर तेथे किराणा दुकान काढण्यास बंदी घालणारे कलम येऊ देऊ नये.

आमच्या अर्जाची फेरसुनावणी संध्याकाळी, लोकांना येता येईल अशा वेळी ठेवावी, ही शेवटची मागणी. त्या दिवशी वही आम्ही सोबत आणू. आपण ती स्वतः चाळावी, रकाने वाचावेत, समासातली अक्षरे पाहावीत आणि ज्यांनी ती लिहिली त्यांना समोर बसवून हवे ते प्रश्न विचारावेत. आमचा आराखडा त्यात कच्चा ठरला तर कुठे कच्चा आहे ते आम्हाला सांगावे. आम्ही तो सुधारून आणू.

लिलावाची तारीख जाहीर होण्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. ते आल्यावर त्याची प्रत मी आमच्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, आजी थांबतात तेथे लावणार आहे.

कळावे,

आपली,
नियोजित सहकारी किराणा भांडाराची मुख्य प्रवर्तक
आणि मध्यवस्तीतील रहिवासी